पाण्यावरचे घरमालक

माझे घरमालक पाण्यावर राहायचे आणि मी त्यांच्या घरात. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हसतो आणि विचारतो, "म्हणजे नेमकं कसं?" मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

कळमनुरी तालुक्यात इसापूर धरणाच्या मागच्या पाण्याला लागून एक गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. गावाच्या टोकाला तांडा, तांड्याच्या टोकाला एक पक्कं घर आणि त्याच्या पुढच्या खोलीत माझी सोय झाली. खोली दाखवली ती काकींनी. बुटक्या, चटपटीत, बोलताना पदर सतत डोक्यावर ओढणाऱ्या. मी विचारलं, "काका कुठं असतात?" काकींनी उंबऱ्यावरूनच हात लांब केला. "ते तिकडं. ते काय निळं निळं दिसून राहिलं न्हाई का, तिथं."

खाली पाणी होतं, दूरवर पसरलेलं, पल्याडच्या यवतमाळ जिल्ह्यापर्यंत. त्याच्या मध्यावर काहीतरी निळं तरंगत होतं. मासे ठेवायची खोपी असेल असं मला वाटलं.

"कामाला गेलेत का?"

"काम कसलं. राहतेत तिथं." काकी म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला बसल्या. जणू नवरा शेजारच्या खोलीत आहे.

काका एसटीत ड्रायव्हर होते. हिंगोली डेपोला त्यांची सगळी नोकरी झाली. मुक्कामी गाड्यांवर त्यांची हमखास नेमणूक असे, कारण दुसरे ड्रायव्हर मुक्कामाला कुरकुरायचे आणि हे मागून घ्यायचे. निवृत्त होऊन घरी आले आणि त्यांची झोप गेली. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून तळपायाला तूपही चोळून झालं. एक दिवस ते सहज मासे धरणाऱ्या भोयांच्या नावेत जाऊन बसले, आणि बसल्या जागी असे झोपले की भोयांनी जाळी टाकली, ओढली, मासे काठावर उतरवले, तरी जागे झाले नाहीत.

मला त्यांनी हे असं सांगितलं होतं, "मॅडम, माझ्या ध्यानात आलं. पलंग हालत न्हवता. सारी जिंदगी हालत्या गाडीत काढली अन् आता म्हनतेत, गप पडून राहा. कसं जमंल?"

त्यानंतर त्यांनी नाव बांधायला घेतली. हिंगोलीच्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, त्याखाली निळे प्लास्टिकचे ड्रम जखडले, वर पत्र्याची खोली उभी केली. खोलीला खिडक्या लावल्या त्या भंगारात गेलेल्या बसच्या, सरकत्या काचांच्या. पुढच्या बाजूला बसचंच एक सीट बोल्टने पक्कं बसवलं. शेतात पाणी उपसायचं जुनं डिझेल इंजिन घेऊन त्याला मागे पंखा जोडला, आणि तो वळवायला लांब लोखंडी दांडा. नांगर म्हणून बसच्या चाकातले दोन जड ब्रेकड्रम दोराला बांधले. गाव हसलं. लोक रानात नांगर धरतात, हा पाण्यात टाकतो, असं म्हणून हसलं.

नावेला नाव काय ठेवणार, म्हणून सगळ्यांना उत्सुकता होती. काकांनी देवाचं नाव दिलं नाही की बायकोचं दिलं नाही. पुढच्या पत्र्यावर पाटी लावली, 'विनंती थांबा'.

ती पाटी नुसती शोभेची नव्हती. काठावरून कुणीही हात केला की काका येत. पल्याड सोयऱ्याकडे जाणारी म्हातारी असो, शेळी घेऊन निघालेला गुराखी असो, नुसता बघायला आलेला रिकामटेकडा असो. जेवत असले तर ताट झाकून येत. एकदा काही टवाळ मुलांनी गंमत म्हणून पुन्हा पुन्हा हात केला. काका प्रत्येक वेळी इंजिन चालू करून काठाला आले, म्हणाले, "चला, बसा," आणि मुलं पळाली की परत गेले. शेवटी मुलांनाच लाज वाटली. त्यातला एक जण खरोखरच बसला आणि गुपचूप पल्याड जाऊन आला.

मी म्हटलं, "काका, ती तुमची चेष्टा करत होती."

"करू द्या की. पन हात केला न्हवता का? केला. मंग थांबायला लागतं."

नावेवरचे नियम मोजके पण कडक होते. चप्पल काठावर काढायची. खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही. आणि पाणी किती खोल आहे हे विचारायचं नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं.

"मॅडम, एसटीत बसल्यावर डायवरला इचारता का, टायर किती घासलंय म्हनून?"

"नाही."

"मंग."

भोयांच्या नावा जिथे लागत, तो काठ म्हणजे पूर्वी नुसता गोंधळ होता. जाळ्यात जाळी अडकलेली, दोरात दोर, बर्फाच्या पेट्या वाटेत. काकांनी चुन्याचा डबा आणला आणि काठावरच्या धोंड्यांवर आकडे घातले. फलाट एक, फलाट दोन, असे. जाणाऱ्या नावेला आधी वाट, येणाऱ्या नावेने थांबायचं. भोई आधी चिडले. "हा काय हिंगोलीचा स्टँड हाय का?" पण थोड्याच दिवसांत मी माझ्या कानांनी ऐकलं, एक भोई दुसऱ्यावर ओरडत होता, "माझ्या फलाटावर काहून लावली रे तू?" काकांची स्वतःची नाव मात्र एका जागी फार दिवस राहत नसे. आज इकडच्या खाडीत, चार दिवसांनी टेकडीच्या आडोशाला, मग पल्याड. सकाळचा चहा हिंगोली जिल्ह्यात आणि दुपारची भाकर यवतमाळ जिल्ह्यात. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरणारे. काकांचे आजोबा म्हणत, चुलीची राख ढिगाला लागायच्या आत तांडा हालला पाहिजे. काकांनी ते फार मनावर घेतलेलं होतं. त्यांच्या नावेवर राख साठलेली मी कधीच पाहिली नाही.

आणि काकी? काकी त्या नावेवर कधी चढल्या नव्हत्या. एकदाही नाही. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत ओढ्याच्या पुरात त्यांच्या घरचा बैल वाहून गेला होता. तेव्हापासून वाहतं किंवा साठलेलं, घोट्याच्या वर आलेलं पाणी त्यांना सहन होत नसे. काका काठाला आले की काकी पाण्यापासून चांगल्या अंतरावर एका दगडावर बसत, काका नावेच्या कडेला बसत, आणि तिथून दोघं बोलत. गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, मोठ्या आवाजात. तांड्यातल्या सगळ्यांना त्यांचा संसार तोंडपाठ होता. भांडणंसुद्धा अशीच होत. भांडण फार चिघळलं की काका नांगर उचलून निघून जात, आणि काकी दगडावरून उठून जाणाऱ्या नावेला आणखी ऐकवत. दुसऱ्या दिवशी भाकरीचं गाठोडं मात्र वेळेवर जाई. ते पोचवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं.

"तुम्हाला राग नाही येत?" मी काकींना विचारलं होतं. "नवरा असा घर सोडून राहतो."

"नोकरीत होते तवा कुठं घरी होते? तवा ह्यांची गाडी दिसत बी न्हवती. आता दिसती तरी." काकी म्हणाल्या.

एका वर्षी पाऊस झालाच नाही आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे मागे सरकत गेलं. काका पाण्यामागे नाव हलवत राहिले. पण एकदा तापाने पडले, दोन दिवस उठले नाहीत, आणि तेवढ्यात पाणी त्यांच्या खालून निघून गेलं. नाव चिखलात बसली, एका अंगाला कललेली. चिखल वाळला, भेगाळला. गावाने ट्रॅक्टर आणला, दोर आणला. काका म्हणाले, नको. ओढताना ड्रम फुटतील.

"मग घरी तरी चला," सरपंचांनी सांगितलं. "पानी आलं की या परत."

"गाडी रस्त्यात बंद पडली तं डायवर सोडून घरी जातो का, सरपंच?"

आणि ते खरोखरच तिथे राहिले. तिरप्या जमिनीवर. ताट एका बाजूला घसरे म्हणून त्याखाली लाकडाची पाचर ठेवत. झोपताना पाय खिडकीला टेकवत. रोज सकाळी इंजिनाला हँडल मारून थोडा वेळ चालवत, मग बंद करत. खुर्चीसारख्या त्या सीटवर बसून कोरड्या चिखलाकडे असे बघत की जणू गाडी वाहतुकीत अडकली आहे, आता सुटेल. बघे येत. काही जण फोटो काढत. मीही सुरुवातीला सगळ्यांसारखी हसले होते. पण महिना गेला, दुसरा गेला, तरी माणूस तसाच बसलेला पाहून माझं हसणं बंद झालं. तिथे जाऊन आलं की वर्गात मुलांवर ओरडवेना. वाट बघण्याचीही एक ताकद असते, ती मी अशी समोर कधी पाहिली नव्हती.

आमच्याकडे आभाळ कोरडंच होतं तेव्हा वर कुठेतरी, धरणाला मिळणाऱ्या पैनगंगेला पाणी आलं. ते हळूहळू भेगांमधून शिरत, चिखल भिजवत नावेपाशी पोचलं. पहाटे काकींचा फोन वाजला. पलीकडून काका एवढंच म्हणाले, "उठली." काकींनी फोन ठेवला आणि माझं दार वाजवलं. आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून पाहत राहिलो. नाव सरळ झाली होती.

आता तो चैत्रातला दिवस सांगते. रविवार होता. मी भाकरीचं गाठोडं घेऊन नावेवर गेले होते आणि काकांनी चहा ठेवला होता. त्या दिवसांत पल्याड हळद काढायचं आणि शिजवायचं काम जोरात असे. तांड्यातल्या आणि बौद्धवाड्यातल्या बाया एका भोयाच्या मोटारीच्या नावेतून सकाळी जात आणि दुपार कलली की परत येत. त्या दिवशी त्यांची नाव पाण्याच्या मध्यावर होती तेव्हा पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालं, आणि बघता बघता वारा सुटला. पाण्याचा रंग बदलला. आमची नाव दोराला हिसके द्यायला लागली.

बायांची नाव जागीच फिरायला लागली होती. मोटार बंद पडली होती. वारा त्यांना पूर्वेच्या अंगाला ढकलत होता, आणि तिथे धरणात बुडालेल्या बाभळींचे वठलेले शेंडे पाण्यावर आलेले होते, भाल्यांसारखे. भोयाने अंगातला शर्ट काढून वर फडकवला.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "हात केला," ते म्हणाले.

नांगर वर आला, इंजिन चालू झालं. मला वाटलं आपण सरळ त्यांच्याकडे जाणार. पण काकांनी नाव उलट, वाऱ्याच्या तोंडावर घातली. मी ओरडले, "काका, त्या तिकडे आहेत!"

"सरळ गेलो तं वारा आपल्याला बी झाडातच घालंल. घाटात गाडी ब्रेकावर उतरवतेत, मॅडम. न्यूटरलवर न्हाई."

बायांच्या नावेच्या बरंच वर, पश्चिमेला गेल्यावर त्यांनी ब्रेकड्रमचा नांगर पाण्यात लोटला. नांगराच्या दोराचे नावेवरच्या लोखंडी खांबाभोवती वेढे दिले आणि शेवट माझ्या हातात दिला. "मी सोडा म्हनलं की सोडायचं. धरा म्हनलं की धरायचं. घाबरायचं नंतर."

असं आमचं घर वाऱ्याबरोबर मागे मागे, त्या बायांकडे उतरायला लागलं. "सोडा... सोडा... धरा!" दोर माझ्या तळव्यांवरून जळत जात होता. पाऊस सुरू झाला, मग गारा. काका मागच्या कडेला टोकाला आकडा बसवलेला लांब बांबू घेऊन उभे होते. बायांचे चेहरे दिसायला लागले. कुणी रडत होत्या, कुणी एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या, एकीने लेकरू पदरात बांधलं होतं. त्यांच्या मागे, अगदी जवळ, पहिली बाभूळ होती.

"धरा!"

मी दोर धरला, अंगातलं सगळं बळ लावून. काकांनी बांबूचा आकडा त्यांच्या नावेत अडकवला आणि दोन्ही नावा एकमेकींवर आदळल्या. लेकरू आधी आलं, हातोहात. मग बाया, एकामागून एक. आणि त्या गोंधळात, गारांच्या माऱ्यात, काका त्यांच्या नेहमीच्या आवाजात, जराही न चढवता, म्हणत होते, "आत सरका. आत सरका. दारात उभं राहू नका, मागं जागा हाय."

आणि बाया आत सरकल्या! मरणाच्या दारातून आलेल्या त्या बाया एसटीत चढल्यासारख्या शिस्तीने आत सरकल्या, जागा करून देत बसल्या. भोई शेवटपर्यंत आपल्या नावेत थांबला. काकांनी त्याला "चल" म्हटलं नाही. फक्त त्याची नाव आमच्या नावेला बांधून घेतली आणि मग हात पुढे केला. तेव्हा तो आला.

थोड्याच वेळात छपराचा एक पत्रा उचकटला आणि पतंगासारखा उडून गेला. एक बाई मोठ्याने रडायला लागली. काका तिला म्हणाले, "रडू नको गं माय. आता मधी थांबा न्हाई. पुढचा थांबा घर."

वारा पडेपर्यंत आम्ही त्या दोराला लटकून होतो. मग काकांनी नांगर ओढला आणि नाव काठाला लावली. सगळा गाव जमला होता. बाया उतरल्या, कुणी माती कपाळाला लावली, कुणी काकांच्या पाया पडायला वाकल्या. काका मागे सरकत सरकत सीटवर जाऊन बसले. मी पातेल्यात तळाला उरलेला थंड चहा कपात ओतून त्यांना दिला तर त्यांना कप धरता येईना. तेवढ्यात त्यांचं लक्ष समोर गेलं.

काकी पाण्यात उभ्या होत्या. गुडघ्याच्या वर पाणी, लुगडं तरंगतंय, दोन्ही हात नावेकडे केलेले. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे.

"अगं," काका म्हणाले, "पान्यात उभी हायेस तू."

काकींनी खाली पाहिलं. आणि अशी किंकाळी फोडली की वादळात कुणी फोडली नसेल. लुगडं सावरत धावत सुटल्या त्या थेट आपल्या दगडावर जाऊन बसल्या आणि तिथून काकांना शिव्या द्यायला लागल्या. काका हसायला लागले. हसता हसता त्यांनी माझ्या हातातला कप घेतला आणि थंड चहा पिऊन टाकला.

पुढे माझी बदली वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या बाजूला झाली. फोन होत असे. मग एके दिवशी कळलं की काकांवरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. हिंगोलीत दवाखान्यात होते तेव्हा मी भेटून आले. पंख्याकडे डोळे लावून पडले होते. मला ओळखलं आणि पुन्हा नजर पंख्याकडे नेली. घरी नेलं तरी तसंच. झोप नाही, घास नाही. मी मनाची तयारी केली. मला वाटलं, नाव आता भंगारात जाईल आणि काकाही फार दिवस काढायचे नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत गेले, तर घराला कुलूप होतं. शेजारणीने खाली पाण्याकडे बोट केलं.

नाव फलाटावर लागलेली होती. काका पुढच्या सीटवर उशांना टेकून बसलेले, अंगावर शाल, जरा वाळलेले, पण डोळे जिवंत. आणि आत, स्टोव्हपाशी, काकी.

काकींनीच सांगितलं. "पलंगावर घास गिळंना गेलं मानूस. मंग भोयांना म्हनलं, उचला खाटंसगट. त्यांनी नावंत नेऊन ठेवलं. म्या काठावर हुबी. सकाळधरनं दुपारपत्तुर हुबी. पाय उचलंना. मंग हे तिकडून म्हनले काय तरी. बराबर समजलं न्हाई, जीभ वळत न्हाई ना. पन 'ये' म्हनलं असंल असं धरलं अन् आले."

काकांनी डावा हात हलवला आणि तोंड वेडंवाकडं करत, एकेक अक्षर ओढत म्हणाले, "म्यां... 'जा'... म्हनलं हुतं."

काकी पदर तोंडाला लावून हसल्या. "आता काय उपेग."

"आता भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटती की. रोज वाटती. पानी दिसलं की जास्तीच." मग त्या उठल्या. "मॅडम, चहा झाला आसंल तं उतरा आता. पल्याडल्या टेकडीला जायचंय. हितं लई दिवस झाले म्हनतेत हे."

मी उतरले. दोन भोयांनी नांगर वर घेतला, इंजिनाला हँडल मारून दिलं आणि तेही उतरले. काकी मागे जाऊन दांडा धरून बसल्या. पुढे काकांनी मांडीवर एक स्टीलचं ताट घेतलं, डाव्या हातात चमचा. इंजिनाच्या आवाजात त्यांचं जड बोलणं मागे पोचत नाही, म्हणून ही रीत. एक ठोका डावीकडे, दोन ठोके उजवीकडे, लागोपाठ वाजवलं तर इंजिन बंद. जन्मभर कंडक्टरच्या घंटीवर गाडी चालवलेला माणूस आता घंटी देत होता.

नाव फलाटावरून निघाली. ताटावर एक ठोका पडला, दांडा वळला. दोन ठोके पडले, दांडा दुसरीकडे वळला. भोयांनी ओढून ठेवलेली जाळी, दुसऱ्यांच्या नावा, पाण्यातला खडक, सगळं चुकवत ती निळी नाव मोकळ्या पाण्याला लागली. मी काठाकाठाने थोडी चालत गेले, काकींकडे पाहून हात करायला म्हणून. तेव्हा मला दिसलं. काकींनी दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला होता, पाठ ताठ होती, ओठ आवळलेले होते, आणि डोळे मिटलेले होते.

मला दिसत होतं तोवर त्यांनी ते उघडले नाहीत. नाव सरळ गेली.